कुंडीतला टोमॅटो आणि राखलेले बी: दिवा परिसरातील घरगुती लागवडीचा इतिहास

कुंडीत वाढवलेला जुन्या वाणाचा टोमॅटो ही ठाणे-कल्याण पट्ट्यातील घरगुती शेतीची अगदी अलीकडची पायरी आहे. तिच्यामागे खाडीकाठच्या भातशेतीचा, दूर देशाहून आलेल्या एका फळभाजीचा आणि गाव हरवून उपनगर झालेल्या वस्तीचा इतिहास आहे. या तिन्हींना जोडणारा धागा म्हणजे बियाणे. भाजीचे बी कधी घरात राखले गेले, कधी विकत घ्यावे लागले आणि आता पुन्हा ते घरात कसे राखले जाऊ लागले, हे पाहिले की गॅलरीतल्या एका रोपाचे मोल कळते.

खाडीकाठचे शेत आणि परस

दिवा हे गाव ठाणे खाडीच्या अंगाला, मुंब्र्याच्या डोंगराच्या पलीकडे सखल जमिनीवर वसले. साबे, दातिवली, आगासन, म्हातार्डी, बेतवडे ही आसपासची गावे. आगरी आणि कोळी समाजाची ही वस्ती भात, मासे आणि मीठ यांवर जगत आली. भरतीचे पाणी अडवण्यासाठी बांध घालायचा, पावसाच्या पाण्याने जमिनीतला खार धुऊन काढायचा आणि मग भात लावायचा, अशी खारभूमीची रीत होती. भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल, हरभरा अशी कडधान्ये घेतली जात.

भाजीची जागा शेतात नव्हे, घरामागच्या परसात होती. न्हाणीचे पाणी जिथे जाते तिथे अळू आणि केळ, मांडवावर दोडके, पडवळ, कारले, काकडी, कुंपणाला घेवडा, कडेला वांगी, मिरची आणि माठ. या भाज्यांचे बी विकत आणायची पद्धत नव्हती. पहिल्या बहरातले एखादे उत्तम फळ वेलावरच पिकू द्यायचे, वाळवायचे आणि त्याचे बी राखेत मिसळून ठेवायचे. वाळलेले दोडके तर चुलीवरच्या आढ्याला तसेच टांगून ठेवत. धुरामुळे किडीपासून बचाव होई. हे काम बहुतेक घरांत बायकांचे होते. कोणाच्या घरची काकडी कडू निघत नाही, कोणाचा वाल लवकर शिजतो, हे गावात ठाऊक असे आणि बी मागून नेले जाई. माहेरहून सासरी, एका पाड्यातून दुसऱ्या पाड्यात बियाणे असेच फिरत राहिले.

या परसात टोमॅटो नव्हता. आंबटपणासाठी चिंच, कैरी आणि आमसूल होते. खाडीच्या माशाच्या कालवणाला तेवढे पुरे होते.

टोमॅटोचा प्रवास

टोमॅटोचे रानटी पूर्वज दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वताच्या पश्चिमेला, आजच्या पेरू आणि इक्वेडोर या देशांत वाढतात. त्याची मोठ्या फळाची लागवड मेक्सिकोत विकसित झाली. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला. १५४४ मध्ये इटालियन वैद्य मात्तिओली याने त्याचा उल्लेख केला. युरोपात बराच काळ त्याच्याकडे संशयाने पाहिले गेले, कारण तो धोत्रा आणि बेलाडोना या विषारी वनस्पतींच्या कुळातला. वांगी, मिरची आणि बटाटा हीदेखील त्याच कुळातली.

मिरची पोर्तुगीजांबरोबर कोकण किनाऱ्यावर उतरली आणि लवकरच इथल्या स्वयंपाकाचा कणा झाली. टोमॅटोला मात्र वेळ लागला. १८८९ ते १८९३ दरम्यान प्रसिद्ध झालेल्या जॉर्ज वॅट यांच्या भारतीय कृषी-उत्पन्नांच्या कोशात टोमॅटोची लागवड मुख्यतः युरोपीय रहिवाशांसाठी होते, स्थानिक लोकांना त्याची चव नुकती पटू लागली आहे, अशा आशयाची नोंद आहे. पश्चिम भारतात ही लागवड प्रथम छावण्या, बंगले आणि सरकारी बागांच्या आश्रयाने झाली. पुण्याच्या गणेशखिंड वनस्पती उद्यानाचे अधीक्षक जी. मार्शल वुड्रो यांच्या बागकामावरच्या इंग्रजी ग्रंथाने या प्रांताच्या हवामानात विलायती भाज्या कशा घ्याव्यात याचे मार्गदर्शन केले. बियाणे विलायतेहून बोटीने येई. पुण्यातील पेस्तनजी पोचा यांच्या पेढीसारख्या देशी बियाणे-विक्रेत्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हा व्यापार इथे रुजवला.

मुंबईची वाढ आणि लोहमार्ग यांनी टोमॅटोला गिऱ्हाईक मिळवून दिले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी धावली आणि पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ रोजी, मार्ग कल्याणपर्यंत गेला. दिवा या वाटेवरच आहे. कसारा घाटातून नाशिकचा आणि माळशेज घाटातून जुन्नरचा माल कल्याणला उतरतो. म्हणून कल्याणची बाजारपेठ घाटावरच्या भाजीचे दार ठरली. विसाव्या शतकात नाशिक आणि पुणे जिल्ह्यांत टोमॅटोची शेती फोफावली, पिंपळगाव बसवंत आणि नारायणगाव ही त्याची मोठी केंद्रे झाली. खाडीकाठच्या घरात टोमॅटो आला तो या बाजारातून. सार, कोशिंबीर, रस्सा यांत तो रुळला, पण त्याचे बी घरात आले नाही.

बियाणे कोणाच्या हातात

जुन्या वाणांचे महत्त्व कळण्यासाठी सरळ वाण आणि संकरित वाण यांतला फरक लक्षात घ्यावा लागतो. टोमॅटोच्या फुलात पुंकेसरांची नळी असते आणि स्त्रीकेसर तिच्या आत राहतो, त्यामुळे बहुतेक फुले स्वतःच्याच परागाने फळतात. सरळ वाणाच्या फळातले बी पेरले की तेच झाड, तेच फळ पुन्हा मिळते. संकरित वाणात दोन वेगळ्या वाणांचा संकर हाताने घडवून आणलेला असतो. त्याची पहिली पिढी जोमदार आणि एकसारखी येते. तिचे बी पेरले तर पुढच्या पिढीत गुण विखुरतात. म्हणून शेतकऱ्याला दर हंगामात नवे बियाणे घ्यावे लागते.

स्वातंत्र्यानंतरची पहिली सुधारित वाणे सरळ होती. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ‘सू’ हा अमेरिकी वाण आणि ‘सुधारित मेरठी’ यांच्यातून ‘पुसा रुबी’ निवडला. तो देशभर पसरला. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘धनश्री’ आणि ‘भाग्यश्री’ ही वाणे दिली. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने ‘अर्का विकास’, ‘अर्का सौरभ’ अशी मालिका काढली. या वाणांचे बी शेतकरी स्वतः धरू शकत होता.

१९७३ मध्ये बंगळूरच्या इंडो-अमेरिकन हायब्रिड सीड्स या कंपनीने ‘कर्नाटक’ हा संकरित टोमॅटो बाजारात आणला. १९८८ च्या नव्या बियाणे धोरणाने परदेशी भाजीपाला बियाण्याला दार उघडले. त्यानंतर व्यापारी टोमॅटो जवळजवळ संपूर्ण संकरित झाला. याला ठोस कारणे होती. घाटातून क्रेटमध्ये जाणाऱ्या फळाला जाड साल हवी, सगळा माल एका आकाराचा हवा, पांढरी माशी ज्याचा प्रसार करते त्या पर्णगुच्छ विषाणूला झाड टिकायला हवे. संकरित वाणांनी शेतकऱ्याची ही गरज भागवली आणि शहराला वर्षभर टोमॅटो मिळू लागला. मात्र पातळ सालीचे, रसाळ, वेड्यावाकड्या आकाराचे, पिवळे, गुलाबी, जांभळट टोमॅटो या बाजारात बसत नव्हते. ते टिकायचे असतील तर बाजाराबाहेरच, घरांमध्ये टिकणार होते.

डबा, कुंडी आणि गच्ची

घरगुती लागवडीची दुसरी परंपरा भांड्याची आहे. मातीच्या कुंडीतली तुळस मराठी घरात नेहमीच होती. गिरणगावातल्या चाळींच्या गॅलऱ्यांत तुळशीशेजारी ओवा, गवती चहा, कढीपत्ता आणि मिरची आली. चार गॅलनचा, म्हणजे सुमारे १८ लिटरचा, रॉकेलचा पत्र्याचा डबा हे या लागवडीचे मोठे साधन. वरचा पत्रा कापायचा, बुडाला खिळ्याने भोके पाडायची, की कुंडी तयार. नंतर त्याची जागा तेलाच्या डब्याने आणि रंगाच्या प्लास्टिकच्या बादलीने घेतली.

युद्धकाळात सरकारनेही शहरी लागवडीला हात दिला. १९४३ मध्ये मुंबईत शिधावाटप सुरू झाले आणि त्याच सुमारास ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम देशभर चालली. रेल्वेमार्गालगतची मोकळी जमीन रेल्वे कर्मचाऱ्यांना भाजीसाठी देण्याच्या योजनेला हेच नाव चिकटले. मध्य रेल्वेच्या लोकलमधून दिसणारे पालक, माठ आणि भेंडीचे वाफे त्या योजनेचे. यांपैकी अनेक ठिकाणी नाल्याचे पाणी दिले जात असल्याने भाजीच्या शुद्धतेबद्दल पुढे वारंवार प्रश्न उभे राहिले आणि घरच्या भाजीकडे लोकांचे मन वळण्याचे ते एक कारण ठरले.

गच्चीवरच्या भाजीला शास्त्राची जोड दिली ती काही मराठी आणि मुंबईकर प्रयोगकर्त्यांनी. गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला. तासगावच्या द्राक्ष बागायतदारांपासून शहरातल्या गच्चीपर्यंत, प्रत्येकाने आपल्या जागेत मोजूनमापून प्रयोग करावेत आणि निष्कर्ष एकमेकांना कळवावेत, ही त्यांची शिकवण. पालापाचोळा, शेण, गोमूत्र आणि गूळ यांपासून कसदार माती तयार करण्याची ‘अमृतमाती’ची पद्धत याच विचारातून पुढे आली. तयार ढिगावर मिश्र बियाणे पेरून ठरावीक अंतराने रोपे छाटतात आणि तो पाला पुन्हा ढिगातच जिरवतात, म्हणजे मातीत कोवळ्या, जून आणि पक्व अशा तिन्ही अवस्थांचा पाला मिसळतो.

मुंबईत वांद्र्याच्या डॉ. आर. टी. दोशी यांनी ‘सिटी फार्मिंग’ नावाने ओळखली जाणारी पद्धत रूढ केली. रसवंतीतून फुकट मिळणारी उसाची चिपाडे पिशवीत किंवा पिंपात भरायची, वर थोडी माती आणि कंपोस्ट घालायचे आणि त्यात भाजी लावायची. चिपाडे हलकी असल्याने गच्चीवर भार पडत नाही आणि ती पाणीही धरून ठेवतात. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास सुरू केलेल्या बागेत दोशी आणि दाभोळकर या दोघांच्याही विचारांचा उपयोग झाला. कामगारांच्या जेवणाचा रोजचा ओला कचरा तिथे खत झाला आणि त्या खतावर फळझाडे आणि भाज्या उभ्या राहिल्या. पुढे ‘अर्बन लीव्हज’च्या कामातून ही पद्धत अनेक वसाहतींत पोहोचली.

गाव ते उपनगर

दिव्याचे रूप रेल्वेने बदलले. १९६० च्या दशकात दिवा-पनवेल मार्ग झाला, १९८० च्या दशकात दिवा-वसई मार्ग आला आणि कोकण रेल्वेनंतर रत्नागिरी व सावंतवाडीकडच्या पॅसेंजर गाड्या दिव्याहून सुटू लागल्या. ठाणे महानगरपालिका १९८२ मध्ये आणि कल्याण महानगरपालिका १९८३ मध्ये स्थापन झाली. मुंबईत घर परवडेनासे झालेले चाकरमानी, त्यांतही रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातली कुटुंबे, मोठ्या संख्येने इथे आली. भाताच्या खाचरांत भराव पडला आणि त्यावर चाळी व इमारती दाटीने उभ्या राहिल्या. परस नाहीसा झाला. उरली ती खिडकीची जाळी, हातभर रुंद गॅलरी, जिन्याखालची जागा आणि सोसायटीने परवानगी दिली तर गच्ची.

या वस्तीत लागवडीची हौस मात्र टिकली, कारण तिथे राहायला आलेली बरीच माणसे शेतीतून आलेली होती. गणपतीला किंवा शिमग्याला गावी जायचे आणि परतताना तांदूळ, कुळीथ, आमसुलांबरोबर भाजीच्या बियांची पुडी आणायची, ही कोकणी कुटुंबांची सवय दिवा-डोंबिवलीच्या कुंड्यांना उपयोगी पडली. पाण्याची टंचाई हा इथला जुना त्रास. म्हणून तांदूळ, डाळ आणि भाज्या धुतलेले पाणी झाडाला घालण्याची रीत इथे काटकसरीतून आली.

कचऱ्याचा प्रश्नही याच जागेचा आहे. ठाणे शहराचा कचरा अनेक वर्षे दिव्याजवळच्या क्षेपणभूमीवर टाकला जाई. २०२३ च्या सुरुवातीला ती बंद झाली, तोवर धूर आणि दुर्गंधी आसपासच्या हजारो घरांनी सोसली. ज्या गावाने अख्ख्या शहराचा कचरा वाहिला, तिथे घरच्या ओल्या कचऱ्याचे घरातच खत होणे हे मोलाचे काम आहे. भाजीची देठे, साली आणि चहाचा चोथा भोके पाडलेल्या बादलीत सुक्या पाल्याच्या थरांबरोबर कुजवला की दोन-तीन महिन्यांत कुंडीसाठी खत मिळते.

जुन्या वाणांचे परतणे

पिढ्यान्‌पिढ्या बी धरून राखलेल्या सरळ वाणांना इंग्रजीत ‘एअरलूम’ म्हणतात. अमेरिकेत १९७५ मध्ये स्थापन झालेल्या ‘सीड सेव्हर्स एक्सचेंज’ या संस्थेने अशा वाणांची देवाणघेवाण संघटित केली. ‘चेरोकी पर्पल’ हा जांभळट टोमॅटो १९९० मध्ये टेनेसीतल्या एका माणसाने टपालाने पाठवलेल्या बियांतून क्रेग लहूलिए यांच्याकडे आला आणि त्यांच्याकडून जगभर गेला. जुनी वाणे उंच वाढतात आणि लहान जागेत मावत नाहीत, ही अडचण ओळखून लहूलिए आणि ऑस्ट्रेलियातील पॅट्रिना नस्के-स्मॉल यांनी २००५ च्या सुमारास हौशी बागकर्त्यांना जोडून ठेंगण्या झाडांवर जुन्या चवीची फळे आणणारी सरळ वाणे निवडण्याचा प्रकल्प सुरू केला. कुंडीसाठीच घडवलेला ‘टायनी टिम’ हा चेरी टोमॅटो तर १९४५ मधला आहे.

महाराष्ट्रात हे भान देशी बियाण्यांच्या चळवळीने दिले. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी ‘बायफ’ संस्थेच्या साहाय्याने वाल, घेवडा, भाज्या आणि भात यांच्या गावठी वाणांची बियाणे बँक उभी केली. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या कामाने शहरातल्या बागकर्त्यांनाही बी राखण्याची दिशा दाखवली. गावठी टोमॅटो, विदर्भातले भेदरे, पुसा रुबीसारखी जुनी सरळ वाणे आणि परदेशी जुनी वाणे यांचे बी आज हातोहात आणि टपालाने कुंडीपर्यंत पोहोचते. शेतकऱ्याने आपल्या पिकाचे बी राखावे, पेरावे आणि इतरांना द्यावे, हा हक्क २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने मान्य केला आहे. त्यातला निर्बंध फक्त संरक्षित वाणाचे बी व्यापारी नावाने विकण्यावर आहे.

खाडीकाठचा हंगाम

दिव्यासारख्या दमट हवेत कुंडी ही केवळ जागेची तडजोड नाही. कोकणपट्टीच्या उष्ण, ओल्या आणि आम्ल जमिनीत जिवाणूजन्य मर हा टोमॅटोचा मोठा शत्रू आहे. हिरवेगार झाड एक-दोन दिवसांत मान टाकते, आणि रोगाचे जिवाणू जमिनीत अनेक वर्षे राहतात. ‘अर्का आभा’ आणि ‘अर्का आलोक’ ही प्रतिकारक वाणे यासाठीच काढली गेली. जुन्या वाणांत असा प्रतिकार सहसा नसतो, म्हणून त्यांना रोगमुक्त, नव्याने तयार केलेली कुंडीतली माती मानवते. खाडीच्या खारट जमिनीतूनही कुंडी त्यांना बाहेर काढते. मात्र आधी वांगी, मिरची किंवा टोमॅटो मर लागून गेलेल्या जागेची माती कुंडीत भरली तर रोगही सोबत येतो.

हंगाम हवामानाने ठरवून दिला आहे. जून ते सप्टेंबरच्या पावसात पाने सडतात. एप्रिल-मेमध्ये दिवसाचा पारा ३५ अंशांकडे गेला आणि रात्रीही गरम राहिल्या की पराग निकामी होतो आणि फुले गळतात. फळ धरायला १५ ते २० अंशांची रात्र लागते. इथे ती हिवाळ्यातच मिळते. म्हणून गणेशोत्सवाच्या सुमारास बी टाकायचे, दसऱ्याच्या आसपास रोप मोठ्या कुंडीत लावायचे आणि नाताळ ते होळी फळ काढायचे, असे वेळापत्रक जमते. थंडी लहान असल्याने लहान फळांची, लवकर पिकणारी वाणे इथे भरवशाची आहेत. पाव किलोचे फळ धरणाऱ्या वाणांना पिकायला वेळ पुरत नाही.

ठेंगण्या वाणाला ६ ते ८ लिटरची कुंडी चालते, उंच वाढणाऱ्याला २० लिटरची बादली हवी. रोज किमान सहा तास ऊन लागते. उंच झाडाला काठीचा आधार देऊन बगलफुटी खुडतात. पाणी कधी भरपूर तर कधी नाही असे झाले, की फळाच्या बुडाला काळा डाग पडतो किंवा फळ तडकते. पाणी वेळेवर येत नसलेल्या वस्तीत मातीवर पाल्याचे किंवा चिपाडांचे आच्छादन घालणे म्हणूनच गरजेचे ठरते.

बी राखण्याची रीत

चांगल्या, निरोगी झाडावरचे पूर्ण पिकलेले फळ बियांसाठी निवडतात. गर आणि बी वाटीत घेऊन दोन-तीन दिवस आंबू देतात. बियांभोवतीचा बुळबुळीत थर त्याने सुटतो आणि काही रोगजंतूही मरतात. मग बी धुऊन सावलीत वाळवतात आणि वाणाचे नाव व वर्ष लिहून हवाबंद बाटलीत ठेवतात. खाडीकाठच्या दमट हवेत सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे कोरडेपणा. कोरडे बी चार ते सहा वर्षे उगवते. फूल स्वतःच फळत असल्याने दोन वाणांत संकर होण्याची शक्यता थोडी असते, आणि फुलाच्या घोसाला पातळ कापडाची पिशवी बांधली की तीही टळते. मका किंवा भोपळ्याचे वाण शुद्ध राखायला मोठे अंतर लागते. टोमॅटोचे वाण मात्र एका गॅलरीतही शुद्ध राहू शकते.

या इतिहासाचा अर्थ त्यातच आहे. परसातल्या वेलभाज्यांचे बी जसे घराघरांत विभागून राहिले, तसे टोमॅटोच्या जुन्या वाणाचे बीही एकाच घरी ठेवणे धोक्याचे असते. एक उन्हाळा, एक रोग किंवा एक घरबदल ते संपवू शकतो. तीन-चार घरांत तेच वाण लावले गेले, दरवर्षी निदान एका झाडाचे बी धरले गेले आणि उरलेले बी मागणाऱ्याला दिले गेले, तर ते वाण टिकते. परस गेलेल्या दिव्यात या कामाला एक बादली माती आणि सहा तासांचे ऊन पुरते.